विंडी ॲपवर खारे आणि मतलई वारे: कुठवर विश्वास ठेवायचा

किनाऱ्यावर राहणाऱ्याला, होडी हाकणाऱ्याला किंवा आंब्यावर फवारणी करणाऱ्याला वाऱ्याबद्दल विचारायचे असते ते थोडकेच. आज खारा वारा सुटेल का? किती वाजता? किती जोर धरेल? विंडी या ॲपवर पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी मिळते. दुसऱ्या प्रश्नावर ते दोन-तीन तासांनी सहज चुकू शकते. पण कोणत्या दिवशी चुकण्याची शक्यता जास्त, हे त्याच ॲपमधल्या दुसऱ्या एका पानावर आदल्या दिवशी दिसत असते. बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर.

इथे विचार केला आहे तो डहाणूपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याचा आणि नोव्हेंबर ते मे या महिन्यांचा. जून ते सप्टेंबर मोसमी वारा दिवसरात्र समुद्राकडून लागलेला असतो, ढगांमुळे जमीन फारशी तापत नाही, आणि खाऱ्या-मतलईची अदलाबदल त्यात बुडून जाते. पावसाळ्यात विंडी ज्या कामासाठी उघडायचे ते काम वेगळे.

ॲप मोफत आहे, संगणकावर संकेतस्थळही चालते. चेक प्रजासत्ताकातल्या इवो लुकाचोविच यांनी २०१४ साली ही सेवा सुरू केली. एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: विंडीवर दिसणारा अंदाज मुख्यतः दुसऱ्यांचा असतो. युरोपीय केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचे जीएफएस, जर्मनीचे आयकॉन अशा मॉडेलांचे, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित करणाऱ्या यंत्रणांचे, आकडे घेऊन विंडी ते नकाशावर मांडते. त्यामुळे "विंडी चुकले" असे म्हणण्यापेक्षा कोणते मॉडेल लावले होते हे आधी पाहावे. न सांगता लागलेले असते ते ईसीएमडब्ल्यूएफ, आणि आपल्या किनाऱ्यासाठी तेच ठेवावे. कारण सरळ आहे. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकासाठी एकच आकडा काढते. ईसीएमडब्ल्यूएफचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, आयकॉनचा १३ आणि जीएफएसचा २२. समुद्रापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत कोकणची रुंदी जेमतेम ४०-६० किलोमीटर. म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफला या पट्टीत पाच-सहा चौकोन मिळतात, जीएफएसला दोन-तीन. दोन-तीन चौकोनांत समुद्र, सडा (कातळाचे पठार), खाडी आणि घाट बसवायचे म्हटल्यावर खाऱ्या वाऱ्याची पुढची कड कुठवर पोचली हे त्याला सांगताच येणार नाही.

नकाशा देखणा आहे, म्हणूनच जपून

नकाशावर वाहणाऱ्या पांढऱ्या रेषा पाहून वाटते की प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वारा कसा वळतो ते दिसते आहे. तसे नसते. दोन चौकोनांच्या मधली जागा ॲप गणिताने गुळगुळीत भरून काढते. नकाशा कितीही मोठा केला तरी त्यामागे ९ किलोमीटरला एकच आकडा आहे. धरमतरची खाडी, मांडव्यासमोरचे पाणी, मुरुडचा जंजिरा या ठिकाणांचा वेगळा वारा त्यात नाही. रेषा किती वेगाने सरकताना दिसतात यावरूनही वाऱ्याचा जोर ठरवू नये. बोट ठेवून आकडा वाचावा.

दुसरी अडचण रंगांची. मूळ रंगपट्टी वादळांपासून झुळकांपर्यंत सगळे दाखवण्यासाठी केलेली आहे. मतलई वारा असतो ४ ते ६ नॉटचा (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). या पट्टीत तो आणि निवांत हवा जवळजवळ एकाच रंगात दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते रात्री वाराच नाही. रंगपट्टी बदलण्याची सोय आहे. ० ते २० नॉट एवढ्यातच सगळे रंग पसरवून घेतले की किनाऱ्यावरची रोजची उलथापालथ नकाशावर उमटते. एकक नॉट किंवा मीटर प्रति सेकंद ठेवावे. १ मीटर प्रति सेकंद म्हणजे जवळजवळ २ नॉट, हे तोंडपाठ असले की काम भागते.

पाहायचे कसे? एकच ठिकाण बघून काही कळत नाही. एका रेषेतली तीन-चार ठिकाणे निवडावीत: एक किनाऱ्यापासून १५-२० किलोमीटर समुद्रात, एक किनाऱ्यावर, एक मध्ये, एक घाटाच्या पायथ्याशी. रत्नागिरीचे उदाहरण घेतले तर रत्नागिरी, पाली, साखरपा आणि समोरचा समुद्र. ही ठिकाणे आवडीच्या यादीत साठवावीत आणि वेळेची पट्टी पहाटेपासून रात्रीपर्यंत हळूहळू सरकवावी. एप्रिलमधल्या साध्या दिवशी पहाटे ५.३० ला किनाऱ्यावर वारा पूर्व किंवा ईशान्येकडून, हलका. ८.३० ला जवळजवळ थांबलेला. ११.३० ला किनाऱ्यावर पश्चिमेकडून ६-८ नॉट, पण साखरप्याला अजून काही नाही. २.३० ला सगळी पट्टी पश्चिम-वायव्य, किनाऱ्यावर १०-१५ नॉट. संध्याकाळी तोच वारा उजवीकडे वळत वायव्येकडे आणि त्याही पलीकडे उत्तरेकडे झुकतो. हे वळणे पृथ्वीच्या फिरण्यामुळे आहे. उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे ढकलला जातो, आणि खारा वारा आठ-दहा तास चालतो तेवढ्यात हा परिणाम नजरेत भरण्याइतका होतो. ही दिशा मॉडेल चांगली पकडते. शिडाच्या होडीवाल्याला याचा थेट उपयोग आहे: दुपारी दोनला जी बाजू वाऱ्याची, ती सहाला राहणार नाही.

वरचा वारा बघा

हे न समजल्यामुळे ॲपचा निम्मा उपयोग वाया जातो, म्हणून थोडे मुळात जाऊ.

शाळेत आपण शिकलो की जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि "रिकाम्या जागी" समुद्रावरची हवा धावून येते. यात दोन ठिकाणी दुरुस्ती हवी. पाण्याची उष्णता धरण्याची ताकद जास्त हे खरेच. एक घनमीटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४२ लाख ज्यूल लागतात, तेवढ्याच कोरड्या वाळूला साधारण १३ लाख. म्हणजे फरक तिपटीचा. पण खरा मोठा फरक खोलीचा आहे. वाळूत दिवसाची ऊब ३० सेंटिमीटर खाली गेली की जवळजवळ संपलेली असते. समुद्रात ऊन पाण्यात खोलवर शिरते आणि लाटा ते पाणी आणखी खाली घुसळत राहतात. तीच ऊब वाळूत वीतभर थरात कोंडते आणि समुद्रात कित्येक मीटरांत वाटली जाते. म्हणून भर दुपारी पुळणीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि समुद्राच्या पाण्याचे तापमान दिवसभरात सहसा एका अंशाच्या आत हलते. विंडीमध्ये समुद्राच्या तापमानाचा वेगळा थर आहे. तो तासातासाला बघण्यात अर्थ नाही, आठवड्यातून एकदा पुरे.

दुसरी दुरुस्ती "रिकाम्या जागे"ची. जागा रिकामी होत नाही. जमिनीवरचा हवेचा साधारण १ किलोमीटरचा थर समुद्रावरच्या थरापेक्षा ३ अंशांनी जास्त तापला तर तो सुमारे १० मीटरने फुगतो. त्यामुळे वरच्या बाजूला जमिनीवर दाब किंचित वाढतो आणि तिथली हवा समुद्राकडे सरकू लागते. वरून हवा निघून गेली की खाली जमिनीवरचा दाब घटतो, जास्तीत जास्त एखाद्या हेक्टोपास्कलने. एवढ्याशा फरकावर खालचा खारा वारा सुटतो. म्हणजे हे चक्र आहे: खाली समुद्राकडून जमिनीकडे, वर जमिनीकडून समुद्राकडे. रात्री जमीन निवते, समुद्र होता तसा राहतो आणि चक्र उलटे फिरते. तोच मतलई.

(फोनमधल्या दाबमापकावर हे शोधू नका. उष्ण प्रदेशात सगळीकडेच, किनारा असो वा नसो, सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. ती वातावरणाची रोजची भरती-ओहोटी, आणि तिचा फरक ३-४ हेक्टोपास्कलचा. खाऱ्या वाऱ्याचा एक हेक्टोपास्कल त्यात सापडत नाही.)

आता ॲपकडे. नकाशाच्या कडेला उंचीची पट्टी आहे. पृष्ठभागापासून १०० मीटर, ६००, ७५०, ९०० मीटर, दीड किलोमीटर असे टप्पे लावता येतात. दुपारी अडीचची वेळ ठेवून बोट वर सरकवत नेले की किनाऱ्यावर आधी पश्चिमेचा वारा दिसतो, मग तो मंदावतो, आणि सहसा ९०० मीटर ते दीड किलोमीटरच्या दरम्यान दिशा फिरते. जिथे फिरली तिथे खाऱ्या वाऱ्याचे छप्पर. पॅराग्लायडर आणि ड्रोनवाल्यांनी ही उंची रोज लिहून ठेवावी.

याहून सोयीचे पान म्हणजे एअरग्राम. नकाशावर ठिकाण दाबले की खाली तक्ता उघडतो, त्यातच हा पर्याय आहे. आडवी वेळ, उभी उंची, आणि प्रत्येक ठिकाणी वाऱ्याचा बाण. सगळे चक्र एका चित्रात दिसते. सुरुवातीला म्हटले ते पान हेच.

कारण कोकणात खारा वारा कधी सुटणार हे जमीन किती तापली एवढ्यावर ठरत नाही. विरोधात पूर्वेचा वारा किती आहे त्यावर ठरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य भारतावर उच्च दाब बसला की त्याच्या दक्षिण कडेने पूर्वेचा कोरडा वारा सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतो. उतरताना दबून आणखी तापतो. तो जोरात असेल तर समुद्रावरची गार हवा किनाऱ्याबाहेरच अडून राहते. रोज अकरा-बाराला येणारा खारा वारा दोन-तीनला येतो, कधी किनाऱ्यापासून काही किलोमीटरच आत शिरतो. तोवर उन्हाचे दोन तास कोरड्या हवेत गेलेले असतात. मुंबईत मार्चमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तो असल्याच दिवशी. सांताक्रूझ वेधशाळेची मार्चमधली ४१.७ अंशांची नोंद २८ मार्च १९५६ ची आहे. अशा दिवशी अगदी समुद्रात घुसलेले कुलाबा आणि आतले सांताक्रूझ यांच्या तापमानात कित्येक अंशांचा फरक पडू शकतो, कारण कुलाब्याला वारा आधी पोचतो.

मॉडेल इथेच अडखळते. वरचा पूर्वेचा वारा १२ नॉटऐवजी १० धरला गेला तर गणितात खारा वारा बाराला आत येतो, प्रत्यक्षात तो अडीचला येतो. चूक वाऱ्यात दोन नॉटची, पण दुपारच्या तापमानात ती तीन-चार अंशांची होऊन बसते. शिवाय ९ किलोमीटरच्या चौकोनांत सह्याद्रीचा कडा सपाट उतार झालेला असतो, त्यामुळे घाटावरून कोसळणारी हवा मॉडेलमध्ये सौम्य होते.

यावर एक ढोबळ नियम वापरावा. आदल्या रात्री एअरग्राम उघडून उद्या सकाळी ८.३० च्या रकान्यात ७५० मीटर ते दीड किलोमीटर या उंचीवर पूर्व किंवा ईशान्येचा वारा बघावा. ६-७ नॉटच्या आत असेल तर पृष्ठभागावरच्या वेळेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. १२ नॉटच्या वर असेल तर ॲपने दिलेली वेळ काहीही असो, खारा वारा उशिरा येणार असे धरून चालावे. आणखी एक: उशिरा आलेला खारा वारा हळूच येत नाही. पूर्वेच्या वाऱ्याने दाबून धरल्यामुळे दोन्ही हवांमधली कड धारदार झालेली असते. पाच-दहा मिनिटांत दिशा उलटते आणि एकदम १२-१५ नॉट लागतात. छोटी होडी, पतंग-सर्फिंग, पुळणीवरचे मांडव, सगळ्यांनी त्या दिवशी याचीच तयारी ठेवावी.

दोन मॉडेलांत मतभेद किती हे पाहायचे तर 'तुलना' हा पर्याय चांगला आहे. तिन्ही मॉडेले एकाच वेळी पश्चिमेचा वारा दाखवत असतील तर दिवस साधा. एक अकराला दाखवते, दुसरे तीनला, तिसरे दाखवतच नाही, असे दिसले तर त्यांची सरासरी काढू नये. एअरग्रामवर जावे.

मतलईचे काय

मतलईच्या बाबतीत विंडीला कमी गुण. हा वारा उथळ असतो, १००-३०० मीटरचा, आणि त्याला जमिनीचा उतार ढकलत असतो. हिवाळ्यात रात्री डोंगरउतारावरची हवा निवून जड होते आणि नदीच्या खोऱ्यातून खाली वाहत खाडीच्या तोंडाशी बाहेर पडते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. अशा मुखांवर पहाटेचा वारा बाजूच्या सड्यावरच्या किनाऱ्यापेक्षा जोरदार असतो. मॉडेलला ही खोरी दिसतच नाहीत. ती ९ किलोमीटरपेक्षा अरुंद आहेत. म्हणून ॲप पहाटे ४ नॉट सांगत असेल तर उघड्या किनाऱ्यावर ४ धरावे आणि खाडीच्या तोंडावर ८-१० ला तयार राहावे. शिडाच्या होड्या पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्यावर परत येत, ते या वाऱ्यांच्या भरवशावर. आज यंत्र असले तरी वल्ह्याच्या छोट्या होडीला आणि कयाकवाल्याला मतलई बाहेर ढकलतो, आणि सकाळी तो कधी पडेल याचा ॲपवरचा तासाचा हिशेब कच्चा आहे.

लाटांचे पान मात्र मन लावून बघण्यासारखे आहे. त्यात दूरवरून आलेल्या मोठ्या लाटा आणि जागच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा वेगळ्या दाखवता येतात. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील नोंदींवरून दाखवले आहे की उन्हाळ्यात दुपारी खारा वारा सुटला की वाऱ्याच्या लाटा चढतात आणि रात्री पुन्हा बसतात. एकूण लाटेची उंची ॲपवर १ मीटर दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. त्यात ११-१२ सेकंदांची लांब लाट असेल तर होडी तिच्यावर सावकाश उचलली जाते. तोच १ मीटर ३-४ सेकंदांच्या आखूड लाटांचा असेल तर पाणी आत येते. उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो आधी वाचावा.

फवारणीसाठी

हापूसच्या बागेत या ॲपचा फार चांगला उपयोग होतो, आणि तो कमी जण करतात. फवारणीला हवी ती वेळ मतलई पडल्यानंतरची आणि खारा धरण्याआधीची. साध्या दिवशी ही खिडकी साधारण आठ ते साडेदहा अशी मिळते. जानेवारीत ती उशिरापर्यंत चालते, एप्रिलमध्ये लवकर बंद होते. विंडीच्या तक्त्यावर वाऱ्याचा आकडा सगळ्यात खाली जातो आणि दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटते ती जागा शोधावी. ताशी १५ किलोमीटरच्या वर, म्हणजे ८ नॉटच्या पुढे, फवारा शेजारच्या बागेत जातो. पण पहाटेची अगदी निवांत हवाही फसवी असते. रात्री जमिनीलगत गार हवेचा थर साचलेला असतो आणि त्यावर उबदार हवेचे झाकण. बारीक थेंब त्यात तरंगत राहतात, खाली बसत नाहीत, आणि मतलईबरोबर उताराने वाहून जातात. हे झाकण बघायला 'साउंडिंग', म्हणजे उंचीनुसार तापमान दाखवणारा आलेख, उघडावा: जमिनीलगत तापमानाची रेषा उंचीबरोबर उजवीकडे झुकली असेल तर झाकण अजून आहे. ती डावीकडे वळू लागली, म्हणजे उंचीबरोबर तापमान उतरू लागले, की पंप सुरू करावा.

झोतांचा (गस्ट) थर वाचताना घोळ होतो. वाऱ्याचा आकडा त्या क्षणाचा असतो, झोताचा आकडा मागच्या काही तासांतल्या सर्वांत मोठ्या झोताचा. दोन्ही शेजारी ठेवून "वारा ८, झोत २०, म्हणजे काहीतरी चुकले" असे वाटते. चुकलेले नसते.

पडताळा

अंदाजावर विश्वास ठेवण्याआधी आत्ता काय चालले आहे ते बघावे, आणि विंडी ही सोय मोफत देते. नकाशावर 'नोंदवलेला वारा' चालू केला की विमानतळांच्या नोंदी दिसतात. मुंबई विमानतळाची नोंद अर्ध्या तासाने येते. मेटार नावाच्या या नोंदीत २९०१२केटी असे लिहिले असेल तर वारा २९० अंशांवरून, म्हणजे पश्चिम-वायव्येकडून, १२ नॉट. दिशा नेहमी जिथून वारा येतो ती. नकाशावर मात्र रेषा वारा जातो तिकडे धावते. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत.

खारा वारा पोचला हे ओळखण्यासाठी दिशेबरोबर दवबिंदू बघावा (हवा जितकी दमट तितका तो जास्त). नमुन्यादाखल, ३५/११ (तापमान/दवबिंदू) वरून अर्ध्या तासात ३३/२१ झाले, तर समुद्राची हवा आली. तापमान दोनच अंश उतरते, पण दवबिंदू दहा अंशांनी उसळतो. ढगाच्या सावलीने तापमान उतरले असेल तर दवबिंदू जागचा हलत नाही. ही खूण चुकत नाही. मुंबई सोडली की गोव्यापर्यंत अशा नोंदी देणारी ठिकाणे फार थोडी, ही मोठी उणीव. पण तो दोष ॲपचा नाही.

हातातले वारामापक घेऊन ताडून पाहणाऱ्यांसाठी: मॉडेलचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. मोकळ्या पुळणीवर २ मीटरवर मोजलेला वारा त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणून हातातला आकडा १.४ ने गुणावा आणि मग तुलना करावी. नारळीच्या आड उभे राहून मोजलेला आकडा कशाशीच जुळवू नये.

पैसे भरावेत का

मोफत ॲपमध्ये अंदाज ३ तासांच्या टप्प्यांनी येतो आणि दिवसातून दोनदा ताजा होतो. पैसे भरले की टप्पा १ तासाचा, आणि ताजा दिवसातून चारदा. यूटीसीप्रमाणे ३ तासांचे टप्पे आपल्याकडे ८.३०, ११.३०, २.३० असे पडतात. खारा वारा नेमका मधल्या अंतरात सुटतो, त्यामुळे मोफत तक्त्यात त्याची सुरुवात दिसत नाही, फक्त आधी नव्हता आणि नंतर आहे एवढेच कळते. हंगामभर शिडाची होडी चालवणारा, पतंग-सर्फिंग शिकवणारा, मोठ्या बागेचा मालक यांनी पैसे भरावेत. सुट्टीला किहीम-काशिदला जाणाऱ्याने भरू नयेत. तासाचा टप्पा घेतला म्हणून मॉडेलची चूक कमी होत नाही, हे मात्र पैसे भरणाऱ्याने लक्षात ठेवावे. पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी तोही तेवढाच चुकणार.

सकाळी सातला जो अंदाज दिसतो तो आदल्या संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या निरीक्षणांवरून केलेला असतो. पहाटे ५.३० च्या निरीक्षणांचे गणित ॲपवर यायला दुपार होते. तोवर खारा वारा आलेला तरी असतो किंवा अडलेला तरी.

सूचना लावण्याची सोय उपयोगी आहे. साठवलेल्या ठिकाणासाठी दिशा पश्चिम ते वायव्य आणि वेग १० ते १८ नॉट अशी अट लावली की तसे दिवस आधीच कळवले जातात. उलटी सूचनाही लावून ठेवावी: दिशा ईशान्य ते पूर्व, वेग १० नॉटच्या वर. मार्चमध्ये तापणारा दिवस त्यात बऱ्याचदा सापडतो. प्रदूषणाचा थर मात्र या कामाला घेऊ नये. त्यातला आकडा सुमारे ४० किलोमीटरच्या चौकोनाचा आहे, आणि मुंबईची धूळ रात्री समुद्रावर जाऊन दुपारी परत येते तो खेळ एवढ्या मोठ्या चौकोनात हरवतो.

एक गोष्ट विंडीवर सोपवू नये. मच्छीमारांसाठीचा इशारा भारतीय हवामान विभागाचाच पाहावा, आणि समुद्राच्या स्थितीसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचा (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा) अंदाज. मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र बनू लागले की खाऱ्या-मतलईचे वेळापत्रक मोडते. पहाटे मतलई यायच्या जागी समुद्राकडून वारा लागलेला दिसला, एअरग्रामवर दीड किलोमीटरपर्यंत एकच दिशा आणि दिवसरात्रीचा फरक नाहीसा झालेला दिसला, तर त्या दिवशी तक्त्यातले नॉट मोजत न बसता विभागाचा इशारा उघडावा आणि होडी वर ओढून घ्यावी.